मराठवाड्याचे विद्यापीठ : स्थापना आणि नामांतर

बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारखी गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना त्या संस्थानातील विद्यापीठ म्हणजे १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी मुलांना अंतराबरोबरच परक्या भाषेचाही अडसर ओलांडावा लागे. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. या भागातील उच्च शिक्षणाचा खरा पाया तेथेच पडला, असे म्हणणे योग्य ठरेल. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. हे संलग्नक विद्यापीठ आहे, म्हणजे गावोगावची महाविद्यालये अध्यापन करतात, तर अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी विद्यापीठाकडे असते.

ज्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले, त्या आंबेडकरांचे नाव या विद्यापीठाला देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये संमत केला. मात्र त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, आणि ही वेदना वगळून विद्यापीठाचा इतिहास सांगता येत नाही. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले. बीड जिल्हा मात्र औरंगाबादच्याच कक्षेत राहिला.