दुखत नाही, म्हणून दाखवलं नाही: स्तनाच्या कॅन्सरचं निदान उशिरा का होतं?

दाढ दुखली की माणूस त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. स्तनाच्या कॅन्सरची गाठ मात्र सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. खरा घोळ इथूनच सुरू होतो.

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात घडू शकेल असं हे चित्र आहे. आंघोळ करताना हाताला वाटाण्याएवढी गाठ लागते. उसाला तोड आलेली असते, नाहीतर द्राक्षाचा हंगाम तोंडावर असतो, नाहीतर घरात लग्न ठरलेलं असतं. ‘दुखत तर नाही, बघू नंतर’ म्हणत दोन-चार महिने निघून जातात. सांगायचं तरी कुणाला? नवऱ्याला सांगायला संकोच, सासूला सांगायला भीती.

जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी पाहिली तर चित्र उलटं वाटेल. विकसित देशांत १२ पैकी एका स्त्रीला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर झाल्याचं निदान होतं आणि ७१ पैकी एकीचा त्याने मृत्यू होतो. विकासात सर्वांत मागे असलेल्या देशांत २७ पैकी एकीलाच निदान होतं, पण मृत्यू ४८ पैकी एकीचा होतो. म्हणजे आजार कमी आणि मृत्यू जास्त. यामागची दोन मोठी कारणं म्हणजे उशिरा होणारं निदान आणि अपुरे उपचार. भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि ९८ हजार मृत्यूंची नोंद असल्याचा अंदाज आहे. शिवाय पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी, म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास गाठतो. घरची आणि शेताची सगळी कामं जिच्या अंगावर असतात, ते हेच वय.

दोष सगळा बाईच्या माथी मारणंही बरोबर नाही. ती गावातल्या डॉक्टरकडे गेली, तरी कधीकधी ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून गोळ्या मिळतात. पुढची वाट मिरज किंवा कराडच्या मोठ्या दवाखान्याची. मिरजेत वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे १८९४ पासून, दूरदूरचे रुग्ण येतात. पण जत किंवा माण तालुक्यातून निघायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग बायोप्सी, मग रिपोर्ट, मग पुढच्या तपासण्या, अशी प्रत्येकासाठी वेगळी फेरी. पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन येतं. बुडालेली मजुरी मात्र कुठल्या योजनेत बसते?

मग प्रत्येक तालुक्यात मॅमोग्राफीचं मशीन हवं का? मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षं एक वेगळा प्रयोग केला. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडले होते, तपासणीच्या गटात ३७ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मात्र असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर दर पाच वर्षांनी अशी तपासणी ठरलेली आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम ०.९ टक्के स्त्रियांची स्तनाची तपासणी कधीतरी झाली होती. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात ‘स्तनात गाठ आहे का?’ हा प्रश्न असतो. ओसरीवर दीर-सासरे बसलेले असताना तो विचारला, तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. हाच प्रश्न आत, चुलीपाशी विचारला तर गोष्ट वेगळी.

गाठीशिवायही काही खुणा असतात: त्वचेला खळी पडणं, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव येणं, काखेत गाठ लागणं. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कुठली आहे, कुठली नाही, हे घरबसल्या कळत नाही. संशय असेल तर बायोप्सी करावीच लागते आणि ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही गावोगाव ऐकू येणारी भीती खरी नाही.