एक राज्य, तीन संघ : रणजीतले अंतर आणि हिंगोली

रणजी करंडक स्पर्धेत बहुतेक राज्यांचा एकच संघ उतरतो. महाराष्ट्राचे तीन उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातचीही तीच रीत आहे. तिथे गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा असे तीन संघ आहेत. १९३४-३५ मध्ये रणजी सुरू झाली तेव्हा भाषावार राज्ये नव्हती, होते ते प्रांत आणि संस्थाने. क्रिकेट संघटनांच्या हद्दी त्या काळाला धरून पडल्या आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावरही तशाच राहिल्या. मध्यंतरी 'एक राज्य, एक मत' या सुधारणेमुळे ही व्यवस्था अडचणीत आली होती. पण ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व कायम ठेवले.

नकाशावर ही वाटणी अशी दिसते. मुंबई संघाकडे मुंबई, ठाणे, पालघरचा पट्टा. विदर्भाकडे नागपूर आणि अमरावती विभागांचे ११ जिल्हे. उरलेला सगळा प्रदेश, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकणाचा मोठा भाग आणि सबंध मराठवाडा, पुण्यातून चालणाऱ्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे. हिंगोली जिल्हा या तिसऱ्या हद्दीच्या अगदी कडेला येतो. हिंगोलीहून वाशीमला जाताना पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. दोन्ही शहरांत पन्नासेक किलोमीटरचे अंतर, एकच रेल्वेमार्ग, सोयरीकही एकमेकांत. पण वाशीमचा मुलगा क्रिकेटमध्ये नागपूरकडे बघतो आणि हिंगोलीचा पुण्याकडे. म्हणून या तीन संघांमधले अंतर कसे पडले आणि त्यातले किती मिटले, हा प्रश्न हिंगोलीला जवळचा आहे.

अंतर किती मोठे होते, हे विजेतेपदांच्या आकड्यांवरून कळते. मुंबईने २०२३-२४ पर्यंत ४२ वेळा रणजी जिंकली. त्यातली १५ विजेतेपदे तर १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग आहेत. महाराष्ट्राच्या नावावर दोन, आणि तीही स्वातंत्र्यापूर्वीची. विदर्भ १९५७-५८ पासून खेळतो आहे. २०१७ चा डिसेंबर उजाडेपर्यंत त्याने अंतिम सामनासुद्धा पाहिला नव्हता.

मुंबईचा हा दबदबा एकेका थोर फलंदाजाच्या जोरावर उभा राहिलेला नाही. त्याच्यामागे सामन्यांची न तुटणारी साखळी आहे. शाळेत असताना हॅरिस शील्ड, जी १८९७ पासून चालू आहे. पुढे कॉलेज, क्लब आणि कंपन्यांच्या स्पर्धा. १९४८ पासूनची कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळवली जाते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी खाली राहतो. तिथे टिकलेल्या फलंदाजाला कोरड्या खेळपट्टीचे भय उरत नाही. आझाद मैदानावर शेजारी शेजारी इतके सामने चालतात की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाजवळ उभा असतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा लोकलने किट घेऊन येतो आणि वर्षभरात लेदर बॉलवर कितीतरी सामने खेळतो. निवड समितीला खेळाडू हुडकत हिंडावे लागत नाही. तो रोज डोळ्यांसमोर खेळत असतो.

या साखळीला पहिले मोठे आव्हान पुण्याने दिले. प्रा. दि. ब. देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि महाराष्ट्राचे नेतृत्व करत. त्यांच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोन वर्षे करंडक जिंकला. वयाच्या ४८ व्या वर्षी देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. त्याच हंगामात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना पुण्यात झाला. मुंबईच्या धावा ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावांचा हा सामना मुंबईने ३५४ धावांनी जिंकला. एका प्रथमश्रेणी सामन्यातल्या एकूण धावांचा हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. महाराष्ट्राने दोन डावांत हजारांवर धावा केल्या, तरी मुंबई साडेतीनशे धावांनी पुढे राहिली. अंतर नेमके कुठे होते ते इथे दिसते. महाराष्ट्राकडे फलंदाज होते. मुंबईकडे एक बाद झाला की तोलामोलाचा दुसरा उभा होता.

त्यानंतर महाराष्ट्राने मुंबईला अधूनमधून धक्के दिले. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडूनच हरला, पण जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवरच्या उपांत्यपूर्व सामन्यात पहिल्या डावात १२२ धावांनी मागे पडूनही महाराष्ट्राने मुंबईचा दुसरा डाव १२९ मध्ये गुंडाळला. मग २५२ धावांचे लक्ष्य दोनच गडी गमावून गाठले. केदार जाधव नाबाद १२० आणि विजय झोल नाबाद ९१. त्या हंगामात महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला आणि कर्नाटककडून हरला. मराठवाड्याच्या दृष्टीने त्या विजयाला विशेष मोल आहे, कारण झोल हा जालन्याचा. पण एका हंगामातल्या अशा विजयांनी अंतर मिटत नाही. ते मिटवायला दहा वर्षे न थांबता काम करावे लागते, आणि ते काम विदर्भाने केले.

विदर्भाने सुरुवात पायाभूत सोयींपासून केली. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले जुने मैदान हाताशी असताना वर्धा रस्त्यावर जामठ्याला नवे स्टेडियम उभे राहिले. २००८ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. त्याच सुमारास माजी वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य यांच्या देखरेखीखाली निवासी अकादमीचे काम सुरू झाले. वयोगटातल्या निवडक मुलांना राहणे, जेवण, शाळा आणि सराव एकाच छताखाली मिळू लागले. विदर्भातला मुलगा कसोटीपर्यंत जाऊ शकतो, हे उमेश यादवने दाखवून दिले. खापरखेड्याच्या कोळसा खाण परिसरात वाढलेला, विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला हा गोलंदाज २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला.

दुसरे पाऊल होते अनुभव बाहेरून आणण्याचे. २०१५ मध्ये मुंबईचा वासिम जाफर विदर्भाकडून खेळू लागला. कर्नाटकचा गणेश सतीश आधीच आला होता. २०१७ मध्ये मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. वेळ पाळणे, फिटनेस, क्षेत्ररक्षण याबाबतीत त्यांनी कुणाचीही गय केली नाही. फैज फझलच्या नेतृत्वाखाली त्या संघाने उपांत्य सामन्यात कर्नाटकला अवघ्या पाच धावांनी हरवले. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी या सिव्हिल इंजिनिअर गोलंदाजाने हॅटट्रिकसह सहा बळी घेतले, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भ विजेता झाला. पुढच्याच हंगामात नागपूरला त्याने मुंबईला एक डाव आणि १४५ धावांनी धूळ चारली. त्या सामन्यात १७८ धावा काढणारा फलंदाज होता जाफर. हंगामाअखेर विदर्भाने सौराष्ट्राला हरवून करंडक पुन्हा नागपूरला आणला.

अंतर खरेच मिटले की नाही, याचा निकाल लागोपाठच्या दोन हंगामांत लागला. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. पहिल्या डावात विदर्भ १०५ मध्ये बाद झाला. विजयासाठी ५३८ धावांचे डोंगराएवढे लक्ष्य होते. वाडकरने शतक झळकावले, विदर्भाने ३६८ पर्यंत मजल मारली आणि सामना १६९ धावांनी गमावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला हेच दोन संघ उपांत्य सामन्यात पुन्हा भिडले. मुंबईकडे अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर असे भारताकडून खेळलेले खेळाडू होते. विदर्भाच्या धावा ३८३ आणि २९२, मुंबईच्या २७० आणि ३२५. विदर्भ ८० धावांनी विजयी. यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ धावा केल्या आणि डावखुऱ्या हर्ष दुबेने पाच बळी घेतले. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण ३७९ विरुद्ध ३४२ अशी पहिल्या डावाची आघाडी असल्याने विदर्भाला तिसरा करंडक मिळाला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले; एका रणजी हंगामातला तो विक्रम ठरला.

या तिसऱ्या विजेतेपदात पहिल्या दोन विजेतेपदांहून वेगळे असे बरेच होते. बाहेरून आलेले करुण नायर आणि ध्रुव शौरी संघात होतेच. पण दुबे, राठोड, दानिश मालेवार, पार्थ रेखडे, वाडकर हे घरचे खेळाडू होते, विदर्भाच्या वयोगटातल्या संघांतून वर आलेले. आधीच्या यशाचा एक शिल्पकार आदित्य सरवटे तर आता केरळकडून खेळत होता. तरी विदर्भाचे काही अडले नाही. पाहुण्यांकडून शिकायचे आणि मग घरची पिढी तयार करायची, हे सूत्र पूर्ण झाले. मुंबईचे बळ ज्यात होते तेच विदर्भाने कमावले : एक गेला की दुसरा तयार.

आता प्रश्न उरतो तिसऱ्या संघाचा, आणि त्याच्या हद्दीतल्या हिंगोलीचा. महाराष्ट्र संघ दुबळा नाही. २०२२-२३ मध्ये त्याने विजय हजारे करंडकाची अंतिम फेरी गाठली. उपांत्यपूर्व सामन्यात ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले ते त्याच हंगामात. मराठवाड्यातूनही खेळाडू पुढे येत आहेत. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या त्याच स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, संघ ४ बाद ३२ असा कोलमडलेला असताना ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले. गुणवत्ता आहे, यात शंका नाही. अंतर आहे ते गुणवत्ता आणि संधी यांच्यात, आणि ते जिल्ह्यागणिक कमी-जास्त होते. हिंगोलीहून पुणे चारशे किलोमीटरहून दूर. निवड चाचणीसाठी एका मुलामागे एका पालकाचा दोन-तीन दिवसांचा रोजगार बुडतो, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वेगळाच.

त्याहून मोठे अंतर खेळपट्टीचे आहे. गावाकडचे क्रिकेट बहुतांशी टेनिस बॉलचे. साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास भरतो, क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅम. टेनिस बॉल उंच उसळतो, त्याला शिवण नसते, आणि आडव्या बॅटने तो सहज सीमेपार जातो. लेदर बॉल शिवणीवर पडून वळतो, नवा असताना हवेत स्विंग होतो, जुना झाला की फिरकीला साथ देतो. त्याच्यासमोर सरळ बॅट, हलके हात आणि चेंडू सोडून देण्याचा संयम लागतो. पंधराव्या वर्षापर्यंत सिमेंटवर किंवा मॅटिंगवर खेळलेला मुलगा पहिल्यांदा मातीच्या खेळपट्टीवर उभा राहतो तेव्हा त्याला खेळ जवळजवळ नव्याने शिकावा लागतो. तोवर त्याच वयाचा मुंबईचा मुलगा तीन-चार हंगाम खेळून मोकळा झालेला असतो.

विशेष म्हणजे चांगल्या खेळपट्टीला लागणारे मुख्य द्रव्य मराठवाड्याच्या शेतातच आहे. देशातल्या अनेक नामांकित मैदानांवरच्या खेळपट्ट्या काळ्या मातीच्या असतात, कारण तिच्यात चिकण भरपूर असते. पाणी देऊन रोलर फिरवला की ती दगडासारखी घट्ट बसते आणि सुकताना तिला भेगा पडतात, ज्यांचा फिरकी गोलंदाज फायदा घेतो. २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद अशा पट्टीसाठी खाली निचऱ्याचा खडी-वाळूचा थर, वर चिकणमातीचा जाड थर, गवताची मुळे, जड रोलर, रोजचे पाणी आणि हे सारे जाणणारा एक माणूस लागतो. माती फुकट आहे. खर्च आहे तो रोलर, पाणी आणि जाणकार माणसाचा. जिल्हा ठिकाणी अशा दोन-चार पट्ट्या तयार करणे आणि टिकवणे हे अशक्यप्राय काम नाही.

खेळपट्टीनंतर येतात सामने. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत महाविद्यालये आहेत, आणि ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा काही दिवसांत उरकतात. त्यात हरलेल्या संघाला वर्षभरात एखादाच सामना मिळतो. त्याऐवजी पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दर रविवारी लेदर बॉलवर लीग चालली, तर प्रत्येक खेळाडूला हंगामात दहा-बारा सामने मिळतील. मुंबईच्या मैदानांनी आणि कांगा लीगने हेच तर केले.

तिसरी गरज निवडीची. १६, १९ आणि २३ वर्षांखालील संघांतूनच रणजीचा रस्ता जातो. चाचण्या नांदेडला किंवा थेट जिल्ह्यात झाल्या, निवड समितीचे सदस्य स्थानिक लीग पाहायला आले आणि निवडलेल्या मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय संघटनेने केली, तर घरच्या परिस्थितीपायी खेळ सोडणारे कितीतरी मुलगे टिकतील. आणि मुलीही. महाराष्ट्र आणि विदर्भ या दोन्ही संघटनांचे महिला संघ आहेत, पण मुलींसाठी गावापासून मैदानापर्यंतचा रस्ता आजही मुलांपेक्षा लांब आहे.

विदर्भाचा इतिहास सांगतो की रणजीतले साठ वर्षांचे अंतर दहा वर्षांत मिटू शकते. त्यासाठी मैदान, अकादमी, कडक प्रशिक्षक आणि धीर एवढे लागते. महाराष्ट्र संघाला मुंबई आणि विदर्भाच्या बरोबरीने सातत्याने करंडकासाठी लढायचे असेल, तर त्याच्याकडे या दोघांकडे नसलेली एक गोष्ट आहे : कोल्हापूरपासून हिंगोलीपर्यंत पसरलेला, तिघांत सर्वांत मोठा प्रदेश. प्रवास आणि खर्च यांमुळे आज तो अडचण वाटतो. प्रत्येक जिल्ह्यात मातीची खेळपट्टी, हंगामभराची लीग आणि दारापर्यंत येणारी निवड या तीन सोयी झाल्या, तर तोच महाराष्ट्राचे सर्वांत मोठे बळ ठरेल. आणि हिंगोलीच्या मुलाला वाशीमच्या किंवा दादरच्या मुलाइतकीच संधी मिळेल.