अंकनियंत्रित यंत्राचा हातातील नियंत्रक

अंकनियंत्रित यंत्र सुरू झाले की चालकाला केवळ पाहत उभे राहणे उरते, असा एक समज आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९५२ साली छिद्रित पट्टीवरून चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हापासून तो रूढ असावा. वस्तुतः आज्ञावली चालविण्यापूर्वी कार्यवस्तूचा आरंभबिंदू यंत्राला दाखवून द्यावा लागतो. त्या वेळी चालक शेगड्यापाशी वाकलेला असतो, त्याची दृष्टी कर्तन हत्याराच्या टोकावर खिळलेली असते, आणि एका हातात हा नियंत्रक असतो. त्याच्या रचनेचा विचार या प्रसंगापासूनच केला पाहिजे.

नियंत्रकाचे मुख्य अंग म्हणजे हस्तचक्र. त्याच्या एका फेऱ्यात बहुधा १०० टप्पे असतात. गुणक १, १० किंवा १०० ठेवला असता प्रत्येक टप्प्याला अक्ष अनुक्रमे ०·००१, ०·०१ किंवा ०·१ मिलिमीटर सरकतो. चक्रातून निघणारे दोन विद्युत्संकेत परस्परांच्या पाव आवर्तन मागेपुढे असतात. त्यांच्या स्थिती ००, ०१, ११, १० या क्रमाने बदलतात आणि क्रम उलटला की दिशा उलटली असे समजते. एका टप्प्यात असे चार बदल होतात. प्रत्येक बदल स्वतंत्र टप्पा म्हणून मोजला गेल्यास अक्ष चौपट सरकतो. नवशिक्याकडून हटकून होणारी ही चूक आहे.

चक्र सेकंदास दोन फेरे फिरविले तर ८०० बदल घडतात. संगणक सेकंदास १,००० वेळा संकेत वाचत असेल तर ते पुरेसे वाटेल; परंतु चक्र एका खाचेतून दुसरीत उडी घेत जाते, त्यामुळे क्षणिक वेग सरासरीहून बराच अधिक असतो. दोन वाचनांमध्ये दोन बदल घडले की दिशा ओळखता येत नाही. तीन घडले तर एक पाऊल उलट पडल्याचा भास होतो. म्हणून ही मोजणी स्वतंत्र गणक-मंडलाकडे सोपविणे श्रेयस्कर.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. गुणक १०० असताना सेकंदास दोन फेरे म्हणजे २० मिलिमीटरची मागणी झाली. अक्षाची वेगमर्यादा मिनिटास ६००, म्हणजे सेकंदास १० मिलिमीटर आहे असे समजू. तीन सेकंद चक्र फिरविल्यावर मागणी ६० मिलिमीटरची होते आणि अक्ष ३० मिलिमीटरच गेलेला असतो. चालकाने हात थांबविला तरी यंत्र आणखी तीन सेकंद चालतच राहते! ज्याचे बोट हत्याराखाली आहे त्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. वेगमर्यादेपलीकडील स्पंद टाकून देणे हाच उपाय. त्यामुळे चक्रावरील आकडा आणि अक्षाचे स्थान यांचा मेळ तुटतो खरा; पण स्थान पडद्यावर वाचता येते, आणि हात थांबला की यंत्र थांबलेच पाहिजे.

बाजूच्या अनुमतिखटक्याची योजना मनुष्यस्वभाव ओळखून केलेली आहे. दचकलेला मनुष्य हातातील वस्तू एकतर सोडून देतो, नाहीतर घट्ट आवळतो. म्हणून खटक्याला तीन स्थिती असतात: मोकळा, मध्यम दाबलेला व पूर्ण आवळलेला. गतीची अनुमती केवळ मधल्या स्थितीत मिळते. पूर्ण आवळलेला खटका सोडताना तो मधल्या स्थितीतून परततो, तेव्हा मात्र अनुमती मिळता कामा नये.

पिवळ्या पार्श्वभूमीवरील तांबडी थांबा-कळ आज्ञावलीवर विसंबून ठेवू नये. तिचे संपर्क एरवी जोडलेले असावेत व दोन स्वतंत्र मार्गांनी थेट सुरक्षा-रिलेला मिळावेत. म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबते. बिनतारी नियंत्रकात अडचण अशी की, विद्युत्घट संपलेला नियंत्रक बाकावर पडलेला असला तरी त्यावरील तांबडी कळ विश्वासार्हच दिसते. म्हणून संपर्क तुटताच यंत्र आपोआप थांबावे, आणि यंत्रावर स्थिर बसविलेली दुसरी कळ असावी.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या नियंत्रकाची पहिली चाचणी हत्यार न लावता घ्यावी. अक्ष कमी वेगाने चालू असताना केबल उपसून काढावी आणि यंत्र किती अंतर पुढे जाऊन थांबते ते मोजावे.