अर्जाच्या पहिल्या चार ओळी

नोकरीच्या अर्जाबरोबर शिक्षणाचा व अनुभवाचा जो तपशील जोडावा लागतो, त्याला हल्लीं रेझ्युमे म्हणतात; घरगुती बोलण्यांत तोच बायोडेटा. त्याच्या शिरोभागीं तीन-चार ओळींची प्रस्तावना असते. बहुतेक अर्जदार ती घाईघाईनें, दुसऱ्याच्या कागदावरून उतरून काढतात. वास्तविक अर्जाचें भवितव्य पुष्कळदां तेथेंच ठरतें. समोर अर्जांचा ढीग असलेला अधिकारी पहिल्या ओळींवर नजर टाकूनच पुढें वाचावयाचें कीं नाहीं, याचा निर्णय करतो.

या ओळींचें खरें काम कोणतें, हें समजण्यासाठीं मुंबईंत पूर्वी नोकरी कशी मिळे, हें पाहणें उद्बोधक होईल. परळ-लालबागच्या गिरण्यांत माणूस कामावर लावण्याचा अधिकार बहुतांशीं जॉबरच्या हातीं असे. गांवाकडून आलेला मुलगा कोणाचा, कोणत्या चाळींत उतरला, कामाला कसा, हें सारें त्याला ओळखीच्या माणसांकडून कळे. कागदाची जरूर पडत नसे. या पद्धतींत वशिला व लांचलुचपत फार माजली, आणि मजूरविषयक रॉयल कमिशननें १९३१ च्या अहवालांत तिच्यावर टीका केली. १९३५ सालीं मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या भरतीवर नियंत्रण आणणारी योजना सुरू झाली. १९४५ पासून सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाले. ओळखीच्या माणसाच्या शब्दाची जागा अशा रीतीनें हळूहळू कागदानें घेतली. शिफारस करणारा गेला, पण शिफारशीची गरज गेली नाहीं. ती गरज आतां अर्जाच्या पहिल्या ओळींना भागवावी लागते.

शीव कोळीवाड्यासारख्या वस्तींत या फरकाची जाणीव विशेष होते. कोळ्यांच्या या जुन्या वस्तीशेजारीं १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासित लष्करी बराकींत येऊन राहिले. येथील कोळीवाडा स्टेशनला पुढें गुरु तेगबहादूर नगर हें नांव मिळालें. अशा ठिकाणीं कोणाच्या हाताला काय येतें, कोणाचा व्यवहार चोख, हें शेजाऱ्याला न विचारतां ठाऊक असतें. पण त्याच घरांतील मुलानें बांद्र्याच्या किंवा अंधेरीच्या एखाद्या कचेरींत अर्ज केला कीं, ही सारी पुण्याई स्टेशनाच्या अलीकडेच राहते.

उदाहरणादाखल एका कोळी घरची वाणिज्य शाखेची पदवीधर मुलगी घ्यावी. आई पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलांवांत मासळी घेते व दिवसभर बाजारांत विकते. त्या धंद्याची वही तीन वर्षें मुलगी सांभाळते: रोजची खरेदी, बर्फाचा व टेंपोचा खर्च, हॉटेलवाल्यांकडील उधारी, आठवड्याची वसुली. तिला एका कंपनीच्या हिशेबखात्यांत जागा हवी आहे. अर्जाच्या आरंभीं ती लिहिते: 'नामांकित संस्थेंत आपल्या गुणांना वाव देणारें आव्हानात्मक पद मिळावें, ही इच्छा. प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ स्वभाव.'

यांत असत्य कांहीं नाहीं. परंतु हेंच वाक्य ढिगांतील इतर अर्जांतही असतें. शिवाय तिला काय हवें, तें त्यांत आहे. कंपनीला तिच्यापासून काय मिळेल, तें नाहीं. आणि वहीचा तर उल्लेखही नाहीं! मासळीच्या धंद्याचें नांव साहेबाच्या टेबलावर जाऊं नये, असें घरांतल्यांनाच वाटतें. जी गोष्ट तिला इतर पदवीधरांहून निराळी करते, तीच अशा रीतीनें लपविली जाते.

तीच मुलगी असें लिहूं शकेल: 'बी. कॉम. कुटुंबाच्या मासळी-व्यवसायाचे दैनंदिन हिशेब तीन वर्षें एकटीनें सांभाळले. बारा हॉटेलांकडील उधारी व वसुली यांचा मेळ दर आठवड्यास घातला. टॅलीवर काम करतां येतें. हिशेब-साहाय्यकाच्या जागेसाठीं अर्ज.' यांत स्वतःची स्तुति करणारें एकही विशेषण नाहीं. तरीही तिचा प्रामाणिकपणा व कष्टाळूपणा वाचणाऱ्याला आपोआप दिसतो.

ही युक्ति नवी नाहीं. सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा व्हिंचीनें मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे नोकरी मागण्यासाठीं तयार केलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यांत चित्रकलेला स्थान आहे तें अगदीं शेवटीं. आरंभीं येतात ते वाहून नेण्यास हलके पूल, वेढ्याचीं साधनें, तोफा व झांकलेले रथ. कारण त्या सत्ताधीशाला चिंता होती युद्धाची. एवढेंच नव्हे, तर कोणाला शंका वाटल्यास प्रयोग करून दाखविण्याचीही त्याची तयारी होती.

तेव्हां प्रस्तावनेंत चार गोष्टी याव्यात: अर्जदार कोण व किती शिकलेला, कोणतें काम किती काळ केलें, त्याचा एखादा मोजतां येण्याजोगा पुरावा, आणि या विशिष्ट जागेशीं त्याचा संबंध. पन्नास-साठ शब्दांत हें सहज बसतें. ज्याला नोकरीचा अनुभव नाहीं, त्यानें कॉलेजांतील प्रकल्प, घरचें दुकान किंवा मंडळाची वर्गणी यांतून पुरावा शोधावा. बाकीचा तपशील आधीं पुरा करावा व प्रस्तावना सर्वांच्या शेवटीं लिहावी. म्हणजे काय उचलून वर ठेवावयाचें तें कळतें. जाहिरात बदलली कीं या ओळीही बदलाव्यात. आज अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकाच्या चाळणींतून जातात. म्हणून जाहिरातींतील कामाचीं नांवें, तें काम खरोखर येत असल्यास, त्याच शब्दांत घालणें हितावह. अर्ज इंग्रजींत करावयाचा असला, तरी मजकूर प्रथम मराठींत, समोरच्याला सांगावा तसा, बोलून पाहावा. पोकळ शब्द कानाला लगेच खटकतात.

एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळावें. वर जें लिहिलें, त्याचा आधार खालच्या तपशिलांत असलाच पाहिजे. मुलाखतींत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो. वही सांभाळणाऱ्या मुलीला त्या प्रश्नाचें भय नाहीं. बारा हॉटेलांपैकीं कोणतें पैसे वेळेवर देतें व कोणतें थकवितें, हें तिला तोंडपाठ असतें.