नव्या विंडोजआधीचं काम

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, आणि गैरसमजाला तिथूनच सुरुवात होते. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावात ग्रामपंचायतीच्या किंवा सेवा केंद्राच्या टेबलावर जुनं विंडोज १० असेल, तर ते १५ तारखेलाही दाखले छापतच राहतं. पण यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवर दुरुस्ती आपोआप येत नाही. घरगुती संगणकांना वेगळी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत तेवढी मिळते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. मार खाल्ला तो ती न बसवलेल्या मशीननी.

मग विंडोज ११ टाकायचं, तर मशीन त्यात बसतं का? ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.०. अडतं ते बहुधा शेवटच्या दोन गोष्टींवर. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी छोटी चिप. हल्ली ती प्रोसेसरच्या आतच असते. मशीन सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर पुढच्या प्रोग्रॅमचं गणिती माप काढून तिच्यात नोंदवलं जातं. मधे कुणी ढवळाढवळ केली की माप बदलतं आणि चिप किल्ली देत नाही. पुष्कळ संगणकांत ती असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, त्यामुळे मशीन भंगारात काढण्याआधी तिथे डोकावून बघावं. मात्र डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर बायोसमध्ये हात घालण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. माप बदललं की संगणक तीच मागतो, आणि ती नसेल तर आतला मजकूर कुणालाच उघडता येत नाही.

दुसऱ्या अडचणीबद्दल कमी बोललं जातं. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. कमी रॅमच्या जुन्या मशीनवर अनेकदा ३२ बिटचं विंडोज असतं, आणि त्यावरून थेट ११ वर जाता येत नाही. सगळं नव्यानेच टाकावं लागतं. ३२ बिटचे ड्रायव्हर तिथे चालत नाहीत. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, जुना प्रिंटर यांचे ६४ बिटचे ड्रायव्हर मिळतात का, हे आधी तपासायचं. प्रिंटर अडला तर दुसरा आणता येतो. अंगठा अडला तर आधारवरचे पैसे काढायला आलेली म्हातारी तशीच माघारी जाते. माझ्या मते तपासणीची सुरुवात रॅमपासून न करता अंगठ्यापासून करावी.

बॅकअपच्या वेळी सगळे ‘सगळं कॉपी करा’ म्हणतात. खरं तर एवढाच प्रश्न विचारावा: या मशीनशिवाय कुठेच नाही असं काय आहे? सातबारा, फेरफार सर्व्हरवर आहेत, त्यांची काळजी नको. ग्रामसभेच्या इतिवृत्ताचे मसुदे, जुनी पत्रं, लाभार्थ्यांच्या याद्या मात्र अनेकदा याच डिस्कवर असतात, आणि त्यातल्या कित्येक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. त्या फाँटची गंमत अशी, की फायलीत मराठी नसतंच. असतात ती रोमन अक्षरांची चिन्हं. फाँट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. नव्या विंडोजमध्ये तो फाँट राहिला नाही, की फाईल शाबूत आणि मजकूर अगम्य. म्हणून फायलींबरोबर फाँटही पेन ड्राइव्हवर घ्यावा, आणि जमेल तेवढा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

ज्या मशीनवर ११ चालणारच नाही, त्यावर लिनक्स टाकता येतं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावरच शिकवतात. शाळेला ते उत्तम; सेवा केंद्राला नाही, कारण अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच निघतं.

राहिली वीज. विंडोज आधी चालू यंत्रणेतच सामान जमवतं, मग मशीन पुन्हा सुरू करून छोट्या वेगळ्या यंत्रणेतून नवी प्रत डिस्कवर मांडतं. इथे वीज गेली तर बहुतेक वेळा ते आपोआप जुन्या विंडोजवर परततं. बायोसही अपडेट करावं लागलं, तर तिथे तशी सोय असेलच असं नाही: चिपमधला जुना मजकूर पुसून नवा लिहिला जात असताना वीज गेली, तर मशीन सुरूच न होण्याची भीती. तेवढ्यापुरता तरी यूपीएस हवा. जव्हार-मोखाड्याच्या पावसात हे काम काढू नये. जूनमध्ये शाळा-कॉलेजसाठी दाखल्यांची रांग असते, दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर निघण्याआधी आपली कामं उरकायला येतात, मार्चमध्ये हिशेब. त्यातल्या त्यात जानेवारी बरा. विंडोज ११ ची कित्येक जीबीची फाईल आधीच चांगलं नेट असेल तिथून किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून आणावी.

विंडोज १० वरून थेट ११ वर गेल्यास जुनं विंडोज डिस्कवर एका फोल्डरमध्ये राहतं आणि दहा दिवस परत फिरता येतं. त्या दहा दिवसांत एक दाखला छापून, एक सही करून, एक अंगठा उमटवून बघावा. तिन्ही जमेपर्यंत डिस्कवर जागा हवी म्हणून तो फोल्डर उडवू नये.