शहर आणि तरुण : भाग ६ – पाळी सुटल्यावर

मागच्या आठवड्यात कंत्राटी कामगाराच्या पगाराचा हिशेब मांडला होता. या वेळी पगाराबाहेरचा प्रश्न घेऊ. काम सुटल्यावर हा मुलगा जातो कुठे?

दुपारी पहिली पाळी सुटते, तेव्हा चिकलठाणा एमआयडीसीत एखाद्या गेटसमोर उभं राहून बघा. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, सॅकमध्ये रिकामा डबा. बीड, परभणी, जालन्याकडून आलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरं. मुकुंदवाडीत, ब्रिजवाडीत एकेका खोलीत चौघं-पाचजण. दाराबाहेर सेफ्टी शूजचे जोड आणि आत रात्रपाळीवाला झोपलेला. त्याची झोपमोड नको म्हणून पहिल्या पाळीवाला खोलीत दिवा लावत नाही, फोनवर बोलत नाही. हातपाय धुतो आणि पायरीवर येऊन बसतो. तिथून टपरीवर. मोबाइलवरचा जुगार त्याला तिथेच कळतो आणि महिनाअखेरीला उसने देणाराही तिथेच भेटतो. हा मुलगा वाईट नाही. त्याला बसायला जागा नाही, एवढंच.

लंडनमध्ये १८४४ साली जॉर्ज विल्यम्स यांना हेच दिसलं होतं. वय बावीस, खेड्यातून आलेले, कापडाच्या दुकानात नोकरीला. दिवसभर राबायचं, वर दाटीवाटीच्या खोलीत झोपायचं आणि मोकळा वेळ मिळालाच तर गुत्ता. त्यांनी सोबत्यांना घेऊन प्रार्थनेसाठी नि अभ्यासासाठी मंडळ काढलं. तेच वायएमसीए. मुंबईत ते १८७५ साली आलं.

मराठवाड्याला ख्रिस्ती सेवेची ओळख त्याआधीच झाली होती. आपल्याच जालना रोडने पुढे गेलं की जालन्याजवळ बेथेल लागतं. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती वस्ती उभी केली. गावकुसाबाहेरच्या मांग समाजातल्या माणसांना तिथे आसरा मिळाला. मोठं काम होतं ते, पण ख्रिस्ती झालेल्यांचं वेगळं गाव वसवण्याचं. शहरातल्या मिश्र वस्तीला ही वाट पुरत नाही.

तिथे वेगळी वाट काढली ती मुंबईच्या नागपाड्याने. अहमदनगरमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १९२०च्या दशकात तिथे ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केलं. ते उभारणारे क्लिफर्ड मॅनशार्ट शिकागोला शिकलेले. त्या शहरात जेन अ‍ॅडम्स यांचं हल हाऊस १८८९पासून चालू होतं. त्यामागची कल्पना साधी आहे. मदत करणाऱ्याने गरिबाच्या वस्तीत राहायला यायचं, म्हणजे तो पाहुणा राहत नाही, शेजारी होतो. नळाला पाणी कधी येतं, कुणाचा बाप पिऊन येतो, कुठल्या पोराची शाळा सुटली, हे त्याला विचारावं लागत नाही.

नागपाड्यात तेव्हा मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, बगदादी ज्यू असे सगळेच राहत होते. पलीकडे कामाठीपुरा. नेबरहूड हाऊसचं दार या सगळ्यांना खुलं होतं. ख्रिस्ती सेवा म्हटली की धर्मांतराची शंका घेतली जाते आणि ती विचारणाऱ्याला गप्प बसवणं बरोबर नाही. माझ्या मते तिला एकच खरं उत्तर आहे : सेवा हे आमिष असता कामा नये. येशूच्या चांगल्या शोमरोन्याने रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलताना त्याची श्रद्धा विचारली नव्हती.

नागपाड्यात राहून एक गोष्ट मॅनशार्ट यांच्या लक्षात आली. चांगल्या मनाची माणसं मिळतात, पण या कामाचं शिक्षण कुणालाच नाही. म्हणून १९३६ साली त्याच वास्तूत, टाटा ट्रस्टच्या पैशातून, २० विद्यार्थ्यांना घेऊन समाजकार्याची शाळा सुरू झाली. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे हीच शाळा.

आणि खेळ! बास्केटबॉल हा वायएमसीएच्याच शिक्षकाने १८९१ साली शोधलेला खेळ. त्याला एक चेंडू आणि छोटी फरसबंद जागा पुरते. नागपाड्याच्या दाटीत तो असा रुजला की त्या गल्ल्यांनी देशाला खेळाडू दिले. १९७०चे अर्जुन पुरस्कार विजेते, भारताचे कर्णधार अब्बास मुंतसीर तिथलेच.

चिकलठाण्याला एवढं मोठं काही लागणार नाही. चर्चचं सभागृह, शाळेचा वर्ग, मंगल कार्यालयाची ओसरी, काहीही चालेल. ट्यूबलाइट, सतरंजी, कॅरम, पिण्याचं पाणी, आयटीआयच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि पीएफची पावती वाचून समजावणारं एक माणूस. वेळ मात्र पाळीच्या वेळेशी जुळलेली हवी आणि दार रोज उघडायला हवं. नाताळात ब्लँकेट वाटून वर्षभर दिसायचंच नाही, असं केलं तर पोरं परत येत नाहीत.

तुमच्या मंडळीच्या सभागृहाची किल्ली कुणाकडे असते, ते या रविवारी उपासनेनंतर विचारा. आठवड्यातली एक संध्याकाळ तुम्ही घ्या आणि उरलेल्या संध्याकाळींसाठी आणखी माणसं शोधा.