नमुन्यातील चूक

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा माणूस प्रत्येक काम मुळापासून करीत नाही. नेहमी लागणाऱ्या तयार आज्ञावलींचा संग्रह त्याच्या हाताशी असतो. त्याला ‘लायब्ररी’ म्हणतात. तिच्या माहितीपुस्तिकेत नियम असतात, तसेच वापराचे नमुनेही असतात. घाईतला वाचक नियम चाळतो आणि नमुना मात्र जसाच्या तसा उतरवून घेतो. त्यामुळे नियमातील चुकीपेक्षा नमुन्यातील चूक अधिक दूरवर पसरते.

क्रमाने लावलेल्या यादीतून एखादी नोंद शोधण्याच्या पद्धतीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. शब्दकोश मधोमध उघडावा, हवा असलेला शब्द मागे आहे की पुढे ते पाहावे आणि उरलेला अर्धा भाग पुन्हा मधोमध उघडावा, अशी ही रीत आहे. मध्य काढण्यासाठी दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिची निमपट करीत असत. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या १९८६ सालच्या पुस्तकातील नमुन्यात हेच होते आणि तो बिनचूक असल्याची सिद्धताही सोबत दिलेली होती. जोशुआ ब्लॉक यांनी जावा भाषेच्या लायब्ररीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीतही तीच रीत आली. सुमारे नऊ वर्षांनी तिच्यामुळे कोणाचे तरी काम बंद पडले. मग २००६ साली ब्लॉक यांनी स्वतःच ही चूक जाहीरपणे मांडली.

चूक गणिताची नव्हती. यंत्राची मर्यादा विसरली गेली होती. तेथील पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. टोके १२० कोटी व १४० कोटी असतील, तर २६० कोटींच्या बेरजेऐवजी ऋण संख्या हाती येते आणि त्या क्रमांकाची नोंद अर्थातच नसते. उपाय सोपा आहे. आधी दोहोंतील अंतर काढावे. २० कोटींचे निम्मे १० कोटी. ते १२० कोटींत मिळविले की १३० कोटी हा मध्य मिळतो.

नमुने यंत्राकडूनच तपासून घेण्याची सोयही झाली आहे. पायथन भाषेबरोबर २००१ सालापासून मिळणारे ‘डॉकटेस्ट’ हे साधन पुस्तिकेतील उदाहरणे चालवून पाहते आणि आलेले उत्तर छापलेल्या उत्तराशी ताडून बघते. लायब्ररी बदलली आणि नमुना जुनाच राहिला, तर ते अशा तपासणीत उघडकीस येते. परंतु दहा नोंदींच्या यादीवर वरील चूक कधीच सापडली नसती. म्हणून नमुना दुरुस्त करणाऱ्याने तो चालतो एवढ्यावर समाधान मानू नये. तो कोठवर चालतो, हेही त्याच्या शेजारीच लिहिले पाहिजे.